खुंटांची वाट

बसा. उभं राहून काय होणार आहे? होडी चिखलात बसलीय, तुम्ही पण बसा. पाणी आल्याशिवाय ती हलायची नाही, आणि मी हाका मारून पाणी येत नाही. उभा जन्म या धक्क्यावर तर, म्हणजे ही पलीकडं नेणारी होडी, चालवण्यात गेला माझा, पाण्यानं एकदाही माझं ऐकलेलं नाही. त्या पोत्यावर बसा, कोरडं आहे.

काय म्हणालास पोरा? समोर बेटवाडीचे दिवे दिसतायत, खुंट दिसतायत, चालतच जाऊ? मोबाईलमध्ये ओहोटी दाखवतेय? दाखवू दे. बरोबर असेल, मी कुठं चूक म्हणतो. फक्त ती वेळ बंदराच्या तोंडाची असते. इथं आत खाडीत तीच वेळ जुळेल असं नाही. पण माझं त्याबद्दल भांडण नाही. तुझी बायको दमलीय, मला दिसतंय. लग्नाहून आलात, पाय सुजलेत तिचे. आणि मला नेमकी हीच भीती वाटते. दमलेल्या माणसानं खुंटांच्या वाटेनं जाऊ नये. ताजं माणूस निभावून नेईल एखादवेळ. दमलेलं नाही.

का, ते ऐका. मला सांगायचा कंटाळा येतो आता. किती जणांना ही गोष्ट सांगितली असेल. गुडघे दुखतात, घसा दुखतो, आणि सांगून झालं की माणसं हसतात आणि पुढच्या वेळी परत खाली उतरायला बघतात. तरी सांगतो. ऐका.

बेटवाडीत तेव्हा नळ नव्हता. एका अंगाला समुद्र, एका अंगाला ही खाडी, मधे वाळूची पट्टी आणि तिच्यावर घरं. चैत्र लागला की विहिरी खाऱ्या व्हायच्या. भात शिजवला तरी खारट, चहा केला तरी खारट. मग बाया घागरी घेऊन इकडं यायच्या. या मागच्या डोंगराच्या पायथ्याला झरा आहे, त्याचं पाणी गोडं. सुकतीला, म्हणजे तुमच्या ओहोटीला, खुंटांच्या वाटेनं चालत यायच्या आणि पाणी चढायच्या आत परत जायच्या. दहा-बारा जणी मिळून, बडबड करत. एकटी कुणी जायची नाही.

त्यात एक अनशी. अनसूया नाव, पण सगळे अनशीच म्हणायचे. मी अनशीकाकी म्हणायचो. नवरा गलबतावर, वर्षातले आठ महिने बाहेर. घरात ती आणि तिची सासू द्वारकी. आता द्वारकी म्हणजे काय सांगू! जिभेला हाड नाही. सून आल्यापासून तिनं एकच धोशा लावलेला. आमटी केली, खारट. भाजी केली, खारट. ताक दिलं तर ते पण खारट. अनशीला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नाही. ‘ए भवाने’ म्हणायची. अनशी उलट बोलायची नाही, पण मनातून पार शिणून गेली होती बिचारी.

आणि त्या वर्षी द्वारकी पडली. अंथरुणाला खिळली. अन्न सुटलं. मग पाणीही सुटलं. म्हणजे तहान होती, पण विहिरीचं पाणी तोंडात घातलं की थुंकून टाकायची आणि म्हणायची, खारट. या वेळी खरंच खारट होतं ते. घरातलं गोडं पाणी संपलेलं, शेजारीही थेंब नव्हता. शेजारची बाय म्हणाली, अनशे, ही काय उद्याचा दिवस बघत नाही. आणि मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालायचं ते खारं कसं घालणार? आमच्यात ते चालत नाही. खाऱ्या पाण्यावर गेलेल्याची तहान मागं राहते म्हणतात.

तर अनशी घागर घेऊन निघाली. दुपारची भरती होती, तेव्हा माझा बाप तर चालवायचा, त्याच्या होडीतून इकडं आली. झऱ्यावर बघते तर धार करंगळीएवढी. वाटीनं भरायचं, घागरीत ओतायचं, परत वाटी लावायची. त्यात तिचा उपास. संकष्टी होती. पोटात काही नाही. घागर भरेपर्यंत दिवस मावळला, पाणी उतरलं, आणि बापाची होडी अशीच, आज बसलीय तशी, चिखलात बसली. बाप तिला म्हणाला, अनशी, रात्रीच्या भरतीपर्यंत थांब, पाणी आलं की सोडतो तुला. ती म्हणाली, तोवर म्हातारी थांबायची नाही.

आता थोडं पाण्याचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्हा खाडीवाल्यांचं घड्याळ म्हणजे तिथी. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमी असेल तर सहाला. चतुर्थी असेल तर तीनला. तिथून सहा तासांनी सुकती पुरी. रोज चांद जेवढा उशिरा उगवतो तेवढंच पाणी मागं सरकतं, पाऊण तास म्हणा. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पाणी लांबवर जातं आणि तेवढंच चवताळून येतं. अष्टमीच्या आसपास भांग. भांगाचं पाणी म्हणजे दमलेलं पाणी, धड जात नाही, धड येत नाही. माझ्यासारखं.

अनशीनं हिशेब केला. आज चतुर्थी, तीनला भरती, नऊला सुकती. देवळातली आरती आत्ताच झालीय, म्हणजे आठ. अजून तासभर पाणी उतरतंच आहे. आरामात जाईन. बरोबर की नाही? तुम्हीही असंच म्हणाल.

पण चतुर्थी कुठली, तर तिच्या उपासाची. संकष्टीचा उपास चांद उगवताना चतुर्थी असेल त्या दिवशी धरतात. सकाळी पुष्कळदा तृतीयाच असते. त्या दिवशीही तृतीयाच होती, चतुर्थी लागली दिवस कलल्यावर. पोटानं चतुर्थी धरली होती, पाण्यानं धरली नव्हती. सुकती नऊला नाही, सव्वाआठलाच पुरी, म्हणजे पाणी तिच्या हिशेबाच्या आधीच उलटायला आलेलं. बाहेरगावच्या माणसाची ही चूक व्हायची नाही, त्याला तिथीच माहीत नसते. आमच्याच बायांची व्हायची. एरवी अनशीच्याही ध्यानात आलं असतं. पण उपाशी होती, दुपारपासून वाकून वाट्या भरत होती, डोकं चालेना.

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. घागर काठोकाठ, प्रत्येक पावलाला हिंदकळायची आणि थोडं पाणी चुंबळीत मुरायचं. हे लक्षात ठेवा. निघाली ती. मागं डोंगर, त्यामुळं चांद दिसत नाही. पुढं काळोख. पायाखाली आधी चिखल, मग वाळू. दर थोड्या अंतरावर खुंट ठोकलेले, त्यांना हात लावत लावत जायचं. खुंटांना कालवं चिकटलेली असतात, हाताला खरखरीत लागतात. एक खुंट, पुढं दुसरा, पुढं तिसरा. हात लावायचा, पुढं जायचं.

खाडीच्या ऐन मधे वाळूचा उंचवटा आहे. दिवसा दिसतो बघा, बगळे बसतात त्याच्यावर. त्याच्या अलीकडची वाट सखल आणि पलीकडं मधली धार. धार सुकतीला गुडघाभर. अनशी उंचवट्यावर चढली आणि सवयीनं पुढच्या खुंटाला हात लावला. तर तो गुळगुळीत. कालवं नाहीत, काही नाही. ओला, गार, आणि मऊ.

उंचवट्यावर खुंटच नाही. कधीच नव्हता. तिला ते आठवेपर्यंत खुंट बोलला.

‘दमलीस गो बाय. बस जरा.’

माणूस होता. उकिडवा बसलेला, डोक्यावर काहीतरी गुंडाळलेलं. तिनं हात झटकन मागं घेतला. पण असं बघा, किंचाळली नाही ती. दमलेल्या माणसाला भीतीसुद्धा सावकाश येते. तिला वाटलं, कुणी मासे धरायला आलेला असेल. ती म्हणाली, बसायला वेळ नाही, घरात म्हातारी आहे. तो म्हणाला, वेळ कसा नाही? चांद कुठं आलाय अजून?

तिनं मागं वळून बघितलं. डोंगरावर काळोख. खरंच चांद नव्हता. आणि चांद उगवतो त्याच सुमाराला पाणी उलटतं, हे खाडीवरचं शेंबडं पोरगंसुद्धा जाणतं. चांद नाही म्हणजे पाणी अजून उतरतंय. पण डोंगर केवढा आहे बघा तो! त्याच्या मागं चांद उगवून वर चढला तरी इथं दिसत नाही. ते त्यानं सांगितलं नाही. तो खोटं बोलला नाही, तेवढंच बोलला नाही.

तेवढ्यात घागर जड झाली. आधी मानेला कळ लागली, मग खांद्यांना, मग पायच वाळूत रुतायला लागले. तो म्हणाला, उतरव ती, मी हात लावतो. आणि दोघांनी मिळून घागर खाली ठेवली. अनशी बसली.

मला अनशीकाकीनं स्वतः सांगितलं, म्हणून सांगतो. ती म्हणाली, रे, इतकं बरं वाटलं बसल्यावर! लग्न होऊन या घरात आल्यापासून मला कुणी बस म्हणालं नव्हतं. तो माणूस होता की कोण होता मला ठाऊक नाही, पण बस म्हणाला. डोळे मिटायला लागले माझे.

ती वाळू कोरडी होती, ऊन खाऊन अजून कोमट होती. आणि खुंटांच्या वाटेवरचं मरण ते असं. पाणी उंचवट्यावर शेवटी चढतं. आधी मागची सखल वाट बुडते, मग पुढची धार भरते, आणि तुम्ही मधे कोरड्यात बसलेले. तुम्हाला वाटतं, पाणी कुठं आहे अजून.

मग तो म्हणाला, घोटभर गोडं पाणी दे गो.

अनशी म्हणाली, हे म्हातारीचं आहे. तो म्हणाला, घोटभर. तिला नाही म्हणवेना, तहानलेल्याला पाणी कसं नाकारायचं? तिनं ओंजळीनं दिलं. तो प्याला. अजून, म्हणाला. तिनं अजून दिलं. तो पीत होता आणि त्याच्या खालची वाळू भिजत होती. पाणी त्याच्या आत राहतच नव्हतं. तिनं ते बघितलं आणि मग मात्र तिची झोप उडाली. ती उठायला लागली, तर तो म्हणाला, चांद कुठं आलाय, आणि ती परत खाली टेकली.

हा गिऱ्हा. पाण्यात बुडून मेलेला. कधीकाळी कुणी असाच पाणी घेऊन चालला असेल, असाच टेकला असेल. खाऱ्या पाण्यात मेला आणि तहान तशीच राहिली. त्याला एकट्याला बसवत नाही तिथं, म्हणून दुसऱ्याला बसवतो.

तेवढ्यात हाक आली. घराकडून नाही, खाडीच्या तोंडाकडून, समुद्राच्या बाजूनं. सासूचा आवाज, हुबेहूब.

‘अनशी, बाळा, पाणी आणलंस का गो? ये, इकडून ये.’

अनशी उठून निघालीच होती त्या बाजूला. दोन पावलं टाकली, आणि थांबली. बाळा? द्वारकी? मरताना काय, मेल्यावरसुद्धा ती बाळा म्हणायची नाही. मला सांगताना अनशीकाकी हसली इथं. म्हणाली, सासूच्या शिव्यांनी वाचवलं मला, जन्मभर छळलंन पण त्या रात्री उपयोगाला आली.

हसलात का? हसा. मग पुढचं ऐका.

ती थांबली ती पाण्याच्या कडेला. एक नारळाची करवंटी तिच्या पायाला लागली आणि पुढं गेली. ती बघत राहिली. करवंटी चाललीय आत, तिवरांकडं. समुद्राकडं जायला हवी ना, पाणी उतरतंय तर? ती आत चाललीय. पाण्यात पाय घातला तर पाणी गार. उतरतं पाणी तापलेल्या चिखलावरून येतं, कोमट असतं. हे समुद्राचं ताजं पाणी. तिनं मागं बघितलं, मागचे खुंट गळ्यापर्यंत बुडालेले. पुढं बघितलं, मधली धार या काठापासून त्या काठापर्यंत भरून चाललेली. पुनव होऊन तीनच दिवस झालेले, उधाण अजून पाण्याच्या अंगात होतं.

आणि तेव्हा डोंगरावर चांद आला. केव्हाचाच उगवलेला, डोंगराआडून आत्ता दिसला, पिवळा. तिनं त्या उजेडात त्याच्याकडं बघितलं. डोक्यावर गुंडाळलेलं होतं ती चुंबळ होती, कुजलेली. त्यानं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, आता कुठं जातेस? बस.

पळणार कुठं? घागर घेऊन धार पार होत नाही. भरली घागर डोक्यावर असली की छातीभर पाण्यात पाय टिकत नाही. आणि घागर सोडून जावं तर ज्याच्यासाठी आली तेच गेलं. दुपारपासूनच्या वाट्या. म्हातारीचं शेवटचं पाणी. अनशी उभी राहिली, आणि ती म्हणाली मला, मला रडू आलं रे. भीतीनं नाही. एवढं करून रिकाम्या हातानं घरी जायचं, त्याचं.

मग तिनं घागर उचलली आणि त्याच्यासमोर वाळूवर पालथी केली. सगळी.

‘घे,’ म्हणाली. ‘सगळं घे. पण मला बसायला सांगू नकोस.’

गिऱ्हा पडला की वाळूवर! हातापायावर पडला आणि ओली वाळू चाटायला लागला. पाणी जिरत चाललेलं आणि तो वाळू उकरतोय, चाटतोय, उकरतोय. एकदाही मान वर केली नाही. अनशीनं मागं बघितलं नाही. रिकामी घागर पालथीच पोटाशी धरली, आत हवा कोंडलेली, आणि धारेत पडली. पाय सुटले. पाणी छातीला, पाणी गळ्याला. भरतीनं तिला धरून आत ओढली, बेटवाडी बाजूला राहिली. घागरीला मिठी मारून ती तरंगत गेली, मान तेवढी वर. कितीतरी आत, बेटवाडीच्याच काठच्या तिवरांच्या मुळांना अडकली, तिथून चिखल तुडवत काठाकाठानं घरी आली. अंगावर कोरडं सूत नाही, पाय सोललेले, घागर रिकामी.

म्हातारीचा श्वास वर लागलेला. शेजारची बाय म्हणाली, आणलंस? अनशी दारातच उभी. मग तिचा हात डोक्याला गेला. अंबाड्यात चुंबळ अडकलेली होती, तशीच. सगळं अंग खाडीनं भिजवलं होतं, पण डोकं पाण्यावर राहिलं होतं. आणि चुंबळ ओली होती. वाटभर घागर हिंदकळली होती ना, झऱ्याचंच पाणी ते.

तिनं चुंबळ काढली आणि म्हातारीच्या तोंडावर धरून पिळली. किती येणार? चार थेंब, पाच थेंब. द्वारकीनं ओठ हलवले. चव घेतली. जन्मभर चव घेतली होती तिनं सुनेच्या हातची. अनशीकाकी म्हणाली, मी वाटच बघत होते, आता म्हणेल खारट.

म्हातारी म्हणाली, ‘गोडं हाय गो, अनशे.’

आणि गेली.

गोष्ट संपली. एवढीच आहे. अनशीकाकी नंतर पुष्कळ जगली, केस पांढरे झाले, नातवंडं झाली. पण तिला बसलेली कुणी बघितली नाही. जेवायची उभ्यानं. लग्नकार्यात सगळ्या बाया सतरंजीवर, ही खांबाला टेकून. मी एकदा म्हटलं, काकी, बस की जरा, दमली असशील. तर म्हणाली, बसले होते रे एकदा.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जाऊ नका. तिथी बरोबर असो, मोबाईल बरोबर असो. रात्री नाही, आणि दमलेले असाल तर दिवसासुद्धा नाही. गिऱ्हा खरा की खोटा ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्यात वाद घालायचं त्राण नाही. मी एवढंच बघितलंय, की त्या उंचवट्यावर माणूस पोचला की त्याला बसावंसं वाटतं. माझा बाप सांगायचा, मी सांगतो, आता पूल होणार म्हणतात, झाला की सांगायचं थांबवीन.

काय म्हणालीस बाय? मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं.

मी पण तुम्हाला बसवूनच ठेवलं? हो, ठेवलं की. त्यानं पण बस म्हटलं, मी पण बस म्हटलं. पोरा, तो कंदील घे आणि जरा धक्क्याच्या कडेला जाऊन खाली बघ. खुंट दिसतायत का? नाही ना? तुम्ही मघाशी उतरला असतात तर आत्ता जिथं टेकला असतात, तो उंचवटाही दिसतोय का बघ.

मी कोरड्यात बसवलं तुम्हाला, एवढाच फरक. चला, होडी हलतेय. बायकोला हात दे, दमलीय ती.